रोलरमामांची दाढ आणि दोन वारुळं

रोलरमामांचं खरं नाव क्लबच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. पस्तीस वर्षांपूर्वी ते टेनिसच्या कोर्टांवर कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी चार माणसांनी ओढायचा लोखंडी रोलर त्यांनी एकट्याने ओढून दाखवला होता. कुणी ओढायला सांगितलं नव्हतं, कुणी पैजही लावली नव्हती. दुसरा दिवस कंबर धरून गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. सभासद त्यांना रोलरमामा म्हणत, सभासदांची नातवंडंही रोलरमामाच म्हणत, आणि घरी जेवायला उशीर झाला की बायको दारातून म्हणे, "या रोलरमामा, पानं वाळली."

अंगाने ते काठीसारखे. मान पुढे, हात मागे, आणि नजर कायम जमिनीवर. त्यांना माणसं चेहऱ्याआधी बुटांवरून ओळखू येत. कोण टाच घासतं, कोण उडी मारून खड्डा पाडतं, कोण हरल्यावर रॅकेट आपटतं, याची नोंद त्यांच्या डोक्यात पक्की असे आणि त्या त्या माणसाला ती न चुकता ऐकवली जाई.

क्लबची दोन्ही कोर्टं मातीची होती. मातीचं कोर्ट म्हणजे माती पसरायची आणि वर चुन्याच्या रेघा मारायच्या असं ज्यांना वाटतं, त्यांनी मामांसमोर तसं बोलू नये. साध्या मातीला उन्हात भेगा पडतात आणि पाण्याने तिचा चिखल होतो. मामांची माती तशी नव्हती. ती वारुळाची होती. वाळवी जमिनीच्या पोटातून एकेक कण निवडून वर आणते, त्याला आपली लाळ लावते आणि भिंत रचते. ती भिंत पावसापाण्यात वर्षानुवर्षं उभी राहते. अशी माती पहारेने फोडायची, कुटायची, बारीक चाळणीतून चाळायची, शिंपून रात्रभर मुरू द्यायची आणि मग रोलर फिरवायचा. चेंडू असा टप्पा घेतो की सिमेंटवर खेळणाऱ्याने तोंडात बोट घालावं. दरवर्षी मोठ्या स्पर्धेआधी दोन्ही कोर्टांवर या मातीचा बोटभर थर चढे. तो थर हाच मामांचा वर्षभराचा अभिमान होता.

माती येई ती दोन नंबरच्या कोर्टामागून. तिथे कुंपणाच्या भिंतीपाशी शिरीषाच्या झाडाखाली दोन वारुळं होती. थोरलं पुरुषभर उंच, वर चार-पाच सुळके, लांबून पाहिलं तर एखादा मोडका किल्ला. धाकटं जेमतेम गुडघ्याएवढं, बसकं, अंगाने फुगलेलं. परक्या माणसाला वाटावं, थोरल्यात राज्य आहे आणि धाकटं हे नुसतं ढेकूळ. खरी गोष्ट उलटी होती. थोरलं सहा वर्षांपूर्वीच मेलेलं. त्यातली राणी संपली, वस्ती उठली, सुळक्यांवर गवत उगवलं. मामा माती काढत ती याच्यातून. धाकटं मात्र भरल्या घरासारखं. जरा कुठे टवका उडाला की तासाभरात ओल्या मातीचं ठिगळ हजर.

मामांना हे शिकवलं होतं कीटकांच्या बाईंनी. या बाई कुठल्याशा संस्थेतून निवृत्त झालेल्या, खेळाच्या नावाने शंख. पहिला सेट हरल्या की रॅकेट टाकून वारुळापाशी जाऊन बसत आणि मामांना जवळ बोलावून शिकवत. जगात वाळवीच्या तीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि घरादाराला त्रास देणाऱ्या त्यातल्या मूठभर. कुणी गवत कापून साठवतं, कुणी नुसती माती खातं, कुणी लाकडातच जन्मून लाकडातच मरतं. वारूळ बांधणाऱ्यांतही एकाचं काम दुसऱ्यासारखं नाही. कुणाचं घुमटासारखं, कुणाचं धुराड्यासारखं, कुणाचं छत्रीसारखं, आणि एक जात तर अशी की भिंत बरोबर उत्तर-दक्षिण उभारते, होकायंत्राशिवाय. आपली ही धाकट्यातली मंडळी शेतकरी. वाळला पाला आत नेतात, त्याच्यावर बुरशी पिकवतात आणि ती खातात. बाई मुलीकडे परगावी राहायला गेल्या, पण मामांना शिकवण पुरली. शिरीषाखालचा पाला त्यांनी पुढे कधी झाडलाच नाही. कुणी आळशी म्हटलं की ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "माझ्या हाताखाली दोन लाख माणसं आहेत. एकानेही आजवर रजा मागितलेली नाही."

त्या माणसांचं काम दिसतही होतं. पाला कुजून पसारा होण्याआधी जमिनीत जाई. वारुळाभोवतीची जमीन आतून पोखरलेली, म्हणून सगळ्या मैदानाचं पाणी त्याच कोपऱ्यात मुरे आणि दोन नंबरचं कोर्ट पावसाळ्यात सगळ्यात आधी वाळे. उन्हाळ्यात बाकीची झाडं माना टाकत तेव्हा शिरीष हिरवा. शिवाय पावसाळ्यात धाकट्यावर पांढऱ्या छत्र्या उगवत, तळहाताएवढ्या. बायको पहाटे टोपली घेऊन येई आणि त्या खुडून नेई. त्या भाजीपुढे आपल्याला मटण नको, असं मामा म्हणत आणि मटण मिळालं की तेही खात.

घरात एकच अडचण होती. बायकोचा धाकटा भाऊ कीडनाशक फवारणीच्या धंद्यात होता. पाठीवर पंप, हातात नळी, आणि मोटरसायकलच्या मागे लिहिलेलं, "वाळवीचा निर्वंश, खात्रीशीर." एकाच किड्यावर एका घराण्याच्या दोन चुली पेटत होत्या. दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला येई आणि मामा त्याचं स्वागत करत, "ये खाटका, बस."

एवढी सगळी घडी छान बसलेली असताना ढाल मोडली.

क्लबात पत्त्यांच्या स्पर्धेची एक लाकडी ढाल होती. चांगली परातीएवढी, मध्ये पितळेची पाटी, पाटीवर आजवरच्या विजेत्यांची नावं. यंदा जिंकल्या एक ऐंशी वर्षांच्या आजी. बक्षीस द्यायला उभे राहिले क्लबचे चिटणीस. हे चिटणीस व्यवसायाने दातांचे डॉक्टर. माणूस निर्व्यसनी, वक्तशीर, हात अत्यंत स्वच्छ. त्यांनी कपाटातून ढाल काढली, चार शब्द बोलले, टाळ्या सुरू झाल्या आणि ढाल उंच धरताच तिचा फुस्स असा आवाज झाला. लाकूड भुसा होऊन आजींच्या साडीवर सांडलं. डॉक्टरसाहेबांच्या हातात राहिली ती पाटी. आजींनी साडी झटकली, पाटी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "एवढंच का?"

लोक हसले. डॉक्टरसाहेब लाल झाले. मग कुणीतरी मागून म्हणालं, वाळवी, आणि दुसऱ्याला आठवलं की टेनिसच्या कोर्टामागे वारूळ आहे, केवढं थोरलं. झालं. डॉक्टरसाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की कीड मुळापासून काढली पाहिजे, वरवर भरून चालत नाही. पुढच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता वारुळात औषध ओतलं जाईल. मामा दारापाशी खुर्च्या आवरत उभे होते. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तीवरच बसले.

गोष्ट अशी होती की मामांची दोन्हीकडून कोंडी झाली होती. औषध थोरल्यात ओतलं तर कोर्टाची माती विषारी झाली. स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली, आणि त्या कोर्टांवर रोज सकाळी लहान मुलांचा वर्ग भरे. मुलं पडत, लोळत, मातीचे हात तोंडात घालत. तसली माती मामा पसरणार नव्हते. आणि थोरलं मेलेलं आहे, त्यात ओतून काय उपयोग, असं सांगावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग जिवंत कुठलं? म्हणजे धाकटं गेलं. थोरलं ही आजची माती, धाकटं ही पुढच्या वीस वर्षांची. एक वाचवावं तर दुसरं मरतं.

रविवारी मेहुणा जेवायला आला तो खुशीत. क्लबचं काम त्यालाच मिळालं होतं. त्याच्या दोन पोळ्या संपल्यावर मामांनी विचारलं, "ढालीचा भुसा बघितलास?"

"बघितला ना, दाजी. साहेबांनी बोलावून दाखवला."

"चिखल होता त्यात?"

मेहुण्याने तिसरी पोळी वाढून घेतली. जमिनीतली वाळवी कुठेही गेली तरी मातीचा बोगदा बांधत जाते, उघड्यावर एक पाऊल टाकत नाही, हे मेहुण्याला मामांइतकंच ठाऊक होतं. तिने ढाल खाल्ली असती तर भिंतीवर, कपाटाच्या पायावर, ढालीच्या पोटात माती सापडली असती.

"नव्हता," मेहुणा शेवटी म्हणाला. "कोरडा, रवाळ होता. लाकडातलीच वाळवी आहे ती, वारुळाची नाही. पण दाजी, गिऱ्हाईक म्हणतं वारूळ मारा, तर मी वारूळ मारतो. साहेबांना शिकवायला जाऊ का मी? तुम्ही जा."

बायकोने त्याच्या पानातली पोळी उचलून परत डब्यात ठेवली. "पोटासाठी खोटं बोलायचं तर बाहेर बोल. माझ्या ताटावर बसून नको."

"ताई, मी खोटं कुठे बोललो? मी बोललोच नाही."

तासभर वाद झाला. त्यातून निघालं एवढंच, की डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या तोंडाने नको म्हटलं तर मेहुणा एक थेंब ओतणार नाही. नाहीतर शनिवारी नऊला तो पिंपं घेऊन हजर. वर बायकोने नवऱ्याला बजावलं, की थोरल्याचं काय करायचं ते करा, धाकट्याला धक्का लागला तर यापुढे आपापली भाजी आपण शोधायची.

सोमवारी सकाळी पत्त्यांच्या खोलीत कुणी नसताना मामा ढालीच्या कपाटापाशी गेले. कपाटाखाली बोटभर रास जमली होती, राजगिऱ्यासारखी, तांबूस, कोरडी ठणठणीत. त्यांनी ती कागदात बांधली. कपाटाच्या दारावर बोटाच्या पेराने ठोकलं, तर मडकं वाजावं तसा आवाज आला. गुन्हेगार सापडला होता. पण कपाटाच्या माथ्यावर एक चकचकीत पाटी होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं, की ही सप्रेम भेट चिटणिसांनी आपला दवाखाना नवा केला त्या वर्षी क्लबला दिली.

आता हे सांगायचं कसं? डॉक्टरसाहेब माणूस वाईट नव्हते. एकांतात त्यांना काहीही सांगावं, ते ऐकत. पण चारचौघांत चूक दाखवली की ते ती चूक दत्तक घेत आणि पोटच्या पोरासारखी वाढवत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चुकून बागेचा नळ चुकीच्या बाजूला बसवून घेतला. एका सभासदाने तसं सभेत म्हटलं, तेव्हापासून तो नळ तिथेच आहे आणि माळी रोज दोन घागरी घेऊन मैदानाला वळसा घालतो. क्लबात साहेबांभोवती नेहमी पाच-सात माणसं. एकटे ते एकाच ठिकाणी सापडत, दवाखान्यात, पेशंटपाशी.

मामांनी आयुष्यात दातांचा दवाखाना पाहिला नव्हता. दुखलं की लवंग, फार दुखलं की दोन लवंगा. पण बायकोने फोन लावला आणि गुरुवारची साडेदहाची वेळ घेतली. बुधवारभर मामा रोलर ओढता ओढता भाषण पाठ करत होते.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ते जागीच थांबले. समोर क्लबातल्या कपाटाचा जुळा भाऊ उभा. तीच दारं, तेच पाय. वर मासिकं रचलेली, शेजारी फुलदाणी, आणि खाली, बरोबर मधल्या फटीखाली, राजगिऱ्याची इवलीशी रास. नावं लिहून घेणारी बाई झाडू घेऊन आली आणि ती रास सवयीने सुपलीत भरू लागली. मामांनी विचारलं, हे रोज पडतं का. ती म्हणाली, रोजचंच आहे, भिंतीचा रंग झडतो. मामांनी भिंत पाहिली. भिंतीला फरशा होत्या.

मग त्यांना आत बोलावलं. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला आणि पाठ केलेलं भाषण पोटात गेलं. तरी त्यांनी सुरुवात केली, की साहेब, मी दाढेसाठी आलो नाही. तोपर्यंत तोंडात आरसा गेला होता.

"बोलू नका. सगळे असंच म्हणतात."

डॉक्टरसाहेब खाली-वर बघत राहिले. एका दाढेपाशी थांबले, सळईने ठोकलं, परत ठोकलं. "ही बघा. वरून शाबूत, आतून पोकळ. ठोकल्याशिवाय कळत नाही. किती वर्षं दुखतेय?"

मामांनी तोंडातल्या आरशासकट मान जोरात हलवली, दाराकडे बोट केलं, कपाटाचा आकार हवेत काढून दाखवला. डॉक्टरसाहेबांना वाटलं, पेशंट पळायला बघतोय. त्यांनी हळूच खांदा दाबला आणि सुई दिली. दहा मिनिटांत मामांचा डावा गाल दुसऱ्याच कुणाचा झाला.

साहेब हातमोजे बदलत होते तेवढ्यात मामांनी खिशातली पुडी काढून समोर धरली.

"तपकीर का? सोडा ती."

"तपकीर नाही," मामा उरलेल्या अर्ध्या तोंडाने म्हणाले. "भिंगातून बघा, साहेब. एकदाच."

कुतूहल हे साहेबांचं एकमेव व्यसन. त्यांनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं, चिमूटभर कण काचेवर घेतले, आणि बघतच राहिले. प्रत्येक कण सारखा, लांबट, आणि प्रत्येकाला सहा बाजू, जणू कुणी कानशीने घासून केलेल्या. "काय सुबक आहे," ते म्हणाले. "कशाचं बी?"

"शी आहे, साहेब. वाळवीची."

डॉक्टरसाहेबांनी काच जरा लांब धरली. मग मामांनी सगळं सांगितलं. ही लाकडातली वाळवी. हिला माती नको, पाणी नको, वारूळ तर ठाऊकच नाही. एका फळीत घराणं वसवते आणि घर स्वच्छ ठेवायचं म्हणून हे दाणे बारक्या भोकातून बाहेर ढकलते. ढालीच्या कपाटाखाली रास आहे. वारुळाची वाळवी आली असती तर मातीचे माग ठेवून आली असती, तिचं येणं कधी लपत नाही.

"ते कपाट," साहेब सावकाश म्हणाले, "क्लबात आलं कुठून?"

"कोण जाणे," मामा म्हणाले. "त्याला पाटी आहे म्हणतात. पण मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि हातातल्या आरशासकट बाहेर गेले. मामांना खुर्चीतून ठोकल्याचा आवाज आला, टक, टक, आणि एक ठोका कसा तो पोकळ. मग लाकूड दबल्याचा आवाज. मग मासिकं पडल्याचा. नावं लिहिणारी बाई म्हणाली, अगंबाई. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या बोटाला भुसा होता. त्यांनी हात धुतले, नवे मोजे घातले आणि मामांची दाढ उपटली.

इथवर सगळं उत्तम झालं होतं. मामा कापूस चावत तसेच घरी गेले असते तर बरं होतं. पण यशाने माणूस सैल होतो. साहेबांनी सहज विचारलं, की मग ते थोरलं वारूळ निरुपद्रवी म्हणायचं, आणि मामा आनंदाच्या भरात कापूस काढून बोलून गेले, की त्याचं काय, ते मरून सहा वर्षं झाली, जिवंत आहे ते धाकटं.

जे लपवायला चार दिवस धडपडले ते न विचारता सांगून झालं. साहेबांचा चेहरा एकदम चिटणिसाचा झाला. "असं? मी सभेला शब्द दिलाय. कपाटांचं बघू, पण जिवंत कीड आवारात ठेवायची की नाही हे मी स्वतः तपासून ठरवीन. शनिवारी नऊला. त्या धाकट्यापाशी."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. सुजलेल्या गालावर शेक दिला, पातळ भात दिला, आणि म्हणाली, "दाढ काढली त्यांनी. जीभ काढायला हवी होती."

शनिवारी नऊला पाच मिनिटं असताना शिरीषाखाली चौघं जमले होते. मेहुणा दोन पिंपं आणि पंप घेऊन. बायको कमरेवर हात ठेवून, भावाच्या आणि वारुळाच्या बरोबर मध्ये. मामा गालाला फडकं बांधून. आणि डॉक्टरसाहेब, हातात कातडी पिशवी. पिशवीतून त्यांनी आरसा काढला, सळई काढली, भिंग कपाळावर चढवलं, जमिनीवर रुमाल अंथरला आणि गुडघे टेकून म्हणाले, "उघडा."

मामांनी खुरप्याने धाकट्याच्या अंगाचा तळहाताएवढा टवका उडवला. आत ओलसर अंधार, आणि खोलवर पोळ्यासारखं काही करड्या रंगाचं, त्यावर पांढरे ठिपके. साहेबांनी आरसा भोकात घातला, तिरपा केला, उन्हाची तिरीप आत सोडली. त्यांनी विचारलं, ते ठिपके काय. मामांनी सांगितलं, शेती. कान लावलात तर टकटक ऐकू येईल, शिपाई डोकी आपटून खबर देतायत. साहेबांनी खरंच कान लावला. मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने त्याला मान हलवून गप्प राहायला सांगितलं.

मग साहेबांनी मोजा न घातलेलं बोट आत घातलं आणि झटक्याने बाहेर काढलं. बोटाला एक शिपाई लटकत होता. लालसर डोकं, जबडे मिटलेले, आणि त्यांच्याखाली रक्ताचा टपोरा थेंब. साहेब हात झटकणार तोच थांबले. भिंग डोळ्यावर ओढलं. बोट उन्हात धरून त्यांनी शिपायाला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मामांनी फडकं जरा सैल केलं.

"कीड आहे का, साहेब?"

"एकाही दाताला नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "अशी पकड मी अजून पाहिली नाही."

त्यांनी शिपायाला चिमट्याने हलकेच सोडवून भोकाच्या काठावर ठेवलं, आणि तेव्हा त्यांना पुढचं दिसलं. काठावर कामकरी आले होते, फिके, मऊ, डोळ्यांवाचून. प्रत्येकाच्या तोंडात मातीचा एक कण. एकाने तो काठाला लावला, लाळेने दाबला, सरकला. दुसऱ्याने त्याच्या शेजारी लावला. भोकाच्या कडेने एक ओली रेघ उमटली आणि बघता बघता आत सरकू लागली. साहेब पोटावर आडवे झाले. स्वच्छ शर्ट मातीत गेला. "बाजूने भरत येतायत," ते कुणाला तरी सांगत होते. "मधून नाही, बाजूने. बरोबर आहे. आणि आधी कडा साफ केली, पाहिलंत?"

सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मेहुण्याला साडेदहाला दुसरीकडे जायचं होतं. त्याने घसा साफ केला. "साहेब, औषध कालवू का?"

"हलू नका हो," साहेब वर न बघता म्हणाले. "काम चालू आहे."

भोक रुपयाएवढं राहिलं, मग बोटाएवढं. ते बुजलं तेव्हा साहेब उठले, गुडघे झटकले आणि पिशवी आवरली. चेहऱ्यावर चिटणीस कुठे दिसत नव्हता. त्यांनी मेहुण्याला विचारलं, की लाकडाच्या वाळवीला हेच औषध चालतं का. मेहुणा म्हणाला, नाही साहेब, तिथे भोकं पाडून सुईने भरावं लागतं.

"सुईने," साहेब म्हणाले. "मग पिंपं परत न्या आणि सुई घेऊन दवाखान्यात या. मागच्या दाराने. तिथलं झालं की क्लबातलं." आणि मामांकडे वळून, "समितीला मी सांगेन. तपासणीत कपाटाचा दोष आढळला. एवढंच सांगेन."

"एवढंच पुरे," मामा म्हणाले.

"आणि तुम्ही सोमवारी दाखवायला या. वरच्या बाजूला मला आणखी दोन संशयित दिसले होते."

मामांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली, फडकं घट्ट बांधलं आणि थोरल्याच्या अंगावर पहिला घाव घातला. कोरडी, टणक, स्वच्छ माती धबधब खाली आली. बायकोने भावाला पिंपं उचलायला लावली आणि दुसरी पहार त्याच्या हातात दिली.